ठकूबाईंचा हात

नाशिकच्या सह्यपर्ण संशोधन केंद्राची तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा त्या सोमवारी इतकी गार ठेवली होती, की डॉ. नलिनी खांबेटे श्रावणातही शाल पांघरून बसल्या होत्या. हा गारवा माणसांसाठी नव्हता, यंत्रासाठी होता. यंत्राचं नाव पर्णपारखी. रानातल्या कुठल्याही झाडाचा फोटो मोबाइलवर काढा, पर्णपारखी अर्ध्या सेकंदात त्याचं नाव सांगणार, खाण्याजोगं की विषारी तेही सांगणार, आणि वर स्वतःची खात्री शंभरात किती तो आकडा देणार. त्या आकड्याला केंद्रात खात्रीअंक म्हणत. खात्रीअंक नव्वदच्या वर असला की लोक डोळे झाकून विश्वास ठेवत. अहो, माणसावर नाही ठेवत इतका.

गेल्या शनिवारी घाटमाथ्यावर रानभाजी सहलीला गेलेल्या सात जणांनी एक कंद उकरला, हातात धरला, फोटो काढला. ‘चाईचा कंद. खाण्याजोगा. खात्रीअंक सत्त्याण्णव.’ त्यांनी तो उकडून, मीठ लावून खाल्ला. कंद कळलावीचा होता. कळलावीचं विष उकडून जात नाही. सातांपैकी तिघं वाचली नाहीत.

“मॅडम, चौकशी अहवालाचा मसुदा आलाय,” सुमेध गांगुर्डे म्हणाला. पर्णपारखीला शिकवण्याचं सगळं काम या चौतिशीतल्या पोराच्या देखरेखीखाली झालं होतं, आणि शनिवारपासून त्याने दाढी केली नव्हती. “शुक्रवारी समितीपुढे जायचाय. वाचू?”

“वाच.”

“‘मूळ ओळख पुरवणाऱ्या स्थानिक माहितगार व्यक्तीने काही वनस्पतींची चुकीची नावे सांगितल्यामुळे यंत्राच्या शिकवणीत दोष राहिला असावा.’”

नलिनीबाईंनी शाल काढून खुर्चीवर आपटली. “माहितगार व्यक्ती! तिला नाव आहे ना? ठकूबाई मेंगाळ. तेरा हजार फोटोंवर तिचं नाव घालताना लाज वाटली या लोकांना, आणि आता खापर फोडायला बरी आठवली.”

“संचालकांनी लिहिलंय, मॅडम. मी नाही.”

“ठाऊक आहे रे. तुझ्यावर नाही ओरडत मी.”

ओरडत होत्या त्याच्यावरच. पण दुसरं कोण होतं समोर?

अकरा वर्षं नलिनीबाई खैराच्या वाडीला जात होत्या. घाटमाथ्यावरची पंचवीस-तीस घरांची ठाकरवाडी. ठकूबाई पुढे चालायची, नलिनीबाई कॅमेरा घेऊन मागे. ठकूबाई झाड दाखवायची, नाव सांगायची, नलिनीबाई फोटो काढून टिपून घ्यायच्या. पर्णपारखीला शिकवायला जो फोटोंचा साठा वापरला, ज्याला केंद्रात शिकवणसंच म्हणत, त्याचा गाभा म्हणजे या दोघींचे हे तेरा हजार फोटो. आणि आता तिघांच्या मरणाला त्या बाईची जीभ जबाबदार आहे असं सरकारी कागदावर येणार होतं. वाडीत पोलीस जाणार. बातमीवाले जाणार. ठकूबाईने सांगितलेलं खोटं, असं एकदा लिहिलं गेलं की ते पुसायला कुणी येणार नव्हतं.

“सगळे फोटो तपासू,” नलिनीबाई म्हणाल्या. “तेराच्या तेरा हजार.”

“चार दिवसांत?”

“मग काय शनिवारी तपासायचे?”

जुन्या दोन विद्यार्थ्यांना बोलावून घेतलं. चौघं दोन दिवस फोटो आणि वाळवून ठेवलेले नमुने ताडून बघत बसली. जेवण टेबलावरच. बुधवारी सकाळी हिशेब लागला. शिकवणसंचात चुका निघाल्या चार, आणि त्या चारही नलिनीबाईंच्या. घाईत चिठ्ठ्या अदलाबदल झालेल्या. ठकूबाईची एकही नाही.

“म्हणजे शिकवणी बरोबर आहे,” सुमेध डोळे चोळत म्हणाला. “परीक्षाही बरोबर आहे. आपण दोन हजार फोटो बाजूला काढून ठेवले होते, यंत्राला न दाखवलेले. त्यात ते नव्व्याण्णव टक्के पास झालं. शिकवणी बरोबर, परीक्षा बरोबर, आणि उत्तर चूक. असं कसं होईल, मॅडम? मला तर वेड लागायची वेळ आलीय.”

नलिनीबाई खाली गेल्या. केंद्राच्या कुंपणाला कण्हेर फुलली होती. त्यांनी मोबाइल काढला, झुडपावर धरला. ‘कण्हेर. विषारी. खात्रीअंक नव्व्याण्णव.’ एवढं कळतं मेल्याला, असं पुटपुटत त्यांनी रागाने एक फांदी ओरबाडली आणि मुठीत धरून तिचाही फोटो काढला.

‘भारंगी, कोवळा पाला. खाण्याजोगी. खात्रीअंक एकोणनव्वद.’

त्या तशाच फांदी घेऊन वर धावल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, तीन जिने.

“सुमेध, हे बघ. झुडपावर विचारलं तर कण्हेर म्हणतंय. हातात घेतली की भारंगी.”

सुमेधने फांदी टेबलावर ठेवली, फोटो काढला. विषारी. हातात धरली. खाण्याजोगी. परत टेबलावर, परत हातात. मग त्याने पेन हातात धरलं. ‘फोडशी. खाण्याजोगी. खात्रीअंक एक्क्याऐंशी.’ तो संगणकापुढे बसला.

“नजरनकाशा काढतो,” तो म्हणाला.

उत्तर देताना यंत्र चित्राच्या कुठल्या भागावर भर देतं, ते रंगाने दाखवणारा तो नजरनकाशा. जिथे भर जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. त्या सात जणांनी काढलेला कंदाचा फोटो पडद्यावर आला. कंद निळा होता. खोड निळं. लालभडक होती ती चार बोटं आणि अंगठा.

“झाडाकडे बघतच नाहीये ते,” नलिनीबाई म्हणाल्या.

“बघतंय, पण आधी हात बघतंय. मॅडम, यंत्राला आपण काही समजावून सांगत नसतो. फोटो दाखवतो आणि उत्तर दाखवतो. उत्तरापर्यंत जायची वाट ते आपली आपण शोधतं, आणि सगळ्यांत सोपी वाट सापडली की दुसरी शोधत नाही. पानाच्या शिरा मोजण्यापेक्षा हात आहे की नाही ते बघणं कितीतरी सोपं. हात दिसला की त्याच्या लेखी कळलावी, कण्हेर सगळी बाद. उरलेल्यांतलं जवळचं नाव ते देतं.”

“पण हात दिसला तर खाण्याजोगं, हे त्याला कुणी सांगितलं?”

सुमेधने शिकवणसंच उघडला. एका बाजूला खाण्याजोग्या वनस्पती लावल्या, दुसऱ्या बाजूला विषारी. खाण्याजोग्या जवळजवळ प्रत्येक फोटोत एक सावळा, हिरव्या गोंदणाचा हात जुडी धरून होता. विषारी फोटोंत एकदाही नाही. सगळी विषारी झाडं मातीत, आपापल्या जागी उभी.

“आणि परीक्षेचे दोन हजार फोटो आपण यातूनच काढले होते,” सुमेध म्हणाला. “तिथेही हात म्हणजे पास. गेली दोन वर्षं हे वापरत होते ते तुमचे विद्यार्थी, अभ्यासक. ते झाडाला हात न लावता फोटो काढतात. या वर्षी सहलवाले आले. ते आधी उपटतात.”

नलिनीबाई पडद्यावरच्या त्या हाताकडे बघत राहिल्या. अकरा वर्षं त्या हाताच्या मागे चालूनही त्यांना हे दिसलं नव्हतं. ठकूबाई विषारी झाडापाशी यायची तेव्हा लांबूनच म्हणायची, “त्ये तिथंच बघा.” नलिनीबाईंना वाटायचं, वाकायचा कंटाळा. शिकलेल्या बाईचं डोकं!

गुरुवारी त्या खैराच्या वाडीला गेल्या. ठकूबाई ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. मांडीवर नात, तनू, चार वर्षांची. सून काजल चुलीपाशी. नलिनीबाईंनी झालेलं सगळं सांगितलं. तिघं मेली हे ऐकून ठकूबाईचा हात थांबला.

“ठकूबाई, तुम्ही विषारी झाडाला हात का लावत नाही?”

“आमच्यात जे खायाचं न्हाई त्ये तोडायाचं न्हाई, बाई.”

“पण का?”

“का म्हंजी? पोरं बघत्यात ना.” ठकूबाईने शेंगेतला दाणा तनूच्या तोंडात घातला. “पोरांना काय सांगून कळतं व्हय? ह्ये कडू, त्ये इखारी, किती सांगशील? पोर हात बघतं. आजीच्या हातात आलं म्हंजी खायाचं. न्हाई आलं तर शिवायचं न्हाई. आमी आशेच शिकलो. माझी आय आशीच शिकली. औषदासाठी कळलावी लागली तर भगत काढतो, पन फडक्यात गुंडाळून आणतो. उघडी न्हाई आणत. वाडीत एक पोर गेलं न्हाई आजवर रानातलं खाऊन.”

नलिनीबाईंना उलगडलं. म्हणजे यंत्र चुकीचं काही शिकलंच नव्हतं. वाडीतलं प्रत्येक पोर जे शिकतं तेच ते शिकलं होतं. फरक एवढाच, की पोराला तो हात कुणाचा ते ठाऊक असतं. यंत्राला कुणाचाही हात चालला.

“ठकूबाई, यंत्र दुरुस्त करायचं तर त्याला विषारी झाडंही हातात धरलेली दाखवायला हवीत. म्हणजे ते हातावर विसंबणार नाही. तुम्ही...”

“न्हाई.”

“पोरांना लांब ठेवू. फक्त फोटोपुरतं.”

“न्हाई म्हनलं ना, बाई. ह्यो हात एकदा खोटा पडला की मंग काय ऱ्हातं?” तिच्या आवाजात राग नव्हता, पण पुढे बोलायला जागाही नव्हती. मग तीच म्हणाली, “त्या कागदावर माझं नाव लिवनारेत म्हनता. तुमी सांगा त्यांना. मी खोटं न्हाई सांगितलं कधी.”

“सांगते. माझा शब्द.”

संध्याकाळी केंद्रात सुमेधने ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. “त्यांनी हात लावायची गरजच नाही, मॅडम. त्यांच्या हाताचे तेरा हजार फोटो आहेत आपल्याकडे. विषारी झाडांचेही आहेत. मी जोडतो. त्यांच्या हातातली फोडशी काढायची, कळलावीचा शेंडा बसवायचा. उजेड तोच, माती तीच, कॅमेरा तोच. यंत्राला फरक कळणार नाही, माणसालाही नाही. अशी चार हजार संयोगचित्रं रात्रीत तयार होतील. उद्या सकाळी समितीला दाखवू की दोष हा होता आणि दुरुस्ती ही.”

“दुसऱ्या कुणाचा हात घे ना. माझा घे.”

“मग यंत्र शिकेल की ठकूबाईंचा हात म्हणजे खाण्याजोगं आणि तुमचा म्हणजे विषारी. हात तोच हवा. झाड तेवढं बदलायला हवं. त्याशिवाय ते झाडाकडे बघणार नाही.”

हे बिनतोड होतं. तरी नलिनीबाई म्हणाल्या, “तिला विचारायला हवं, सुमेध.”

“अकरा वर्षांपूर्वीच्या संमतीपत्रावर अंगठा आहे त्यांचा. चित्रांत योग्य ते बदल करण्यास हरकत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. आणि मॅडम, उद्या अकराला समिती आहे. दुरुस्ती दाखवली नाही तर पहिला मसुदा मंजूर होईल. मग त्यांचं नाव जाईल कागदावर. तुम्हीच ठरवा.”

नलिनीबाईंनी परवानगीच्या कागदावर सही केली. ठकूबाईची अब्रू वाचवायला केली, हे खरं. तिने ‘न्हाई’ म्हटलेलं स्वतःच्या कानांनी ऐकून केली, हेही खरं.

शुक्रवारी पर्णपारखीने कण्हेर हातात धरलेली ओळखली, कळलावीचा कंद ओळखला, पेन हातात धरलं तर ‘वनस्पती नाही’ म्हणाली. समितीने टाळ्या वाजवल्या. अहवालातून माहितगार व्यक्तीबद्दलचं वाक्य गेलं, आणि त्याजागी ‘प्रतिमा-संकलनातील अनवधानाने राहिलेला कल’ असं कुणालाच न बोचणारं वाक्य आलं. नलिनीबाईंनी काजलच्या फोनवर ठकूबाईला कळवलं. “नाव गेलं कागदावरून. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, ठकूबाई.” पलीकडून ठकूबाई नुसती हसली. संयोगचित्रांबद्दल नलिनीबाई बोलल्या नाहीत. सांगू पुढच्या खेपेला, असं त्यांनी ठरवलं, आणि पुढची खेप मणक्याच्या दुखण्यात राहून गेली.

पर्णपारखीची ख्याती वाढली. कुठल्याशा योजनेतून डोंगरातल्या अंगणवाड्यांना ती घातलेल्या डिजिटल पाट्या, म्हणजे टॅब, मिळाल्या. मुलांना झाडांची ओळख व्हावी म्हणून. पाटीवर प्रत्येक झाडाला एक पान होतं, आणि त्या पानावरचं चित्र यंत्र स्वतः निवडायचं. शिकवणसंचातलं सर्वांत स्पष्ट असेल ते. आता सर्वांत स्पष्ट कुठली, तर सुमेधने कापून-जोडून केलेली. त्यांना सावली नाही, मागे गवत नाही, झाड अगदी हातावर ठेवल्यासारखं. खाली लाल अक्षरांत ‘विषारी’ लिहिलेलं असे. लिहिलेलं!

पुढच्या आषाढात काजलचा फोन आला. एवढंच म्हणाली, “बाई, तनू गेली.”

नलिनीबाई कमरेला पट्टा बांधून वाडीला गेल्या. ठकूबाई त्याच ओट्यावर होती. मांडी रिकामी. बोलली ती काजलच, दाराशी उभी राहून, एका सुरात, दहा जणांना सांगून झाल्यासारखी.

“अंगणवाडीतून पळत आली. म्हणाली, आजीनं नवी भाजी आणली, पाटीत आहे. आम्ही हसलो. आजीचा हात आहे म्हणाली, गोंदणाचा. आम्हाला वाटलं, पोर काहीबाही बोलतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या बांधावर गेली. कळलावी नुकती वर आली होती. कोवळे शेंडे खुडून खाल्ले, आणि मूठभर घरी आणले. मला म्हणाली, आई, भाजी कर. दवाखान्यात तीन दिवस होती. मी पाटी मागून आणून बघितली, बाई. हात यांचाच आहे. कळलावी यांच्याच हातात आहे. यांना विचारलं तर म्हणतात, मी शिवलेच नाही.”

“न्हाई शिवले,” ठकूबाई म्हणाली. “कधी न्हाई. देवाच्यान न्हाई.”

वाडीत कुणाचा विश्वास बसला नव्हता, हे नलिनीबाईंना काजलच्या तोंडावरूनच कळलं. फोटोत दिसतंय ते खोटं कसं असेल?

“त्या खरं सांगताहेत,” नलिनीबाई म्हणाल्या. “ते चित्र आम्ही बनवलं. हात यांच्या जुन्या फोटोतला घेतला आणि कळलावी जोडली. या नाही म्हणाल्या होत्या. मी सही केली. सगळं माझं आहे, काजल. यांचं काही नाही.”

काजलने त्यांच्याकडे बघितलं. शिवी देईल, ढकलून देईल, असं नलिनीबाईंना वाटलं; दिली असती तर बरं झालं असतं. ती आत निघून गेली.

ठकूबाईने विचारलं, “यंत्राला कळलं का पन? आता हात बघून फसत न्हाई?”

“नाही फसत.”

“किती दिस लागलं त्याला शिकाया?”

“एक रात्र.”

ठकूबाईने मान हलवली. मग उठली. सकाळी आणलेली फोडशी टोपलीत पडली होती. घरात माणसं होती, चूल पेटवायलाच हवी होती. तिने जुडी उचलली, झटकली आणि सुनेला हाक मारली.

काजल आली ती हातात फोन घेऊन. तिने सासूकडे बघितलंही नाही. फोन जुडीसमोर धरला. दुरुस्तीनंतर जादा खबरदारी म्हणून सुमेधने पर्णपारखीत एक सूचना घातली होती. ती नलिनीबाईंनी केंद्रात शेकडो वेळा ऐकली होती. गोड, समजूतदार बायकी आवाज.

“कृपया हात बाजूला घ्या.”

ठकूबाईला आधी कळलंच नाही ते आपल्याला उद्देशून आहे. आवाज पुन्हा आला. तेव्हा तिने जुडी खाली जमिनीवर ठेवली आणि हात पदराखाली घेतला.

“फोडशी. खाण्याजोगी. खात्रीअंक नव्व्याण्णव.”

काजलने फोन ठेवला आणि भाजी निवडायला घेतली.